कुसुमावती देशपांडे : प्रणयकथेचा आस्वाद आणि कादंबरीची समीक्षा

कुसुमावती देशपांडे हे नाव उच्चारताच आजच्या मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो 'कुसुमानिल' हा पत्रसंग्रह. त्यानंतर मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. मराठी कादंबरीच्या शंभर वर्षांचा साक्षेपी आढावा घेणाऱ्या समीक्षक म्हणून त्यांचा उल्लेख होतो तो सर्वांत शेवटी, आणि तोही बहुधा परीक्षेच्या अभ्यासक्रमापुरता. वस्तुतः त्यांच्या वाङ्मयीन कार्याचे मोल ठरवायचे तर हा क्रम नेमका उलटा असावयास हवा. प्रेमकथा वाचण्याची सर्वसामान्य वाचकाची ओढ आणि त्या ओढीकडे अभ्यासकाने कसे पाहावे, हा प्रश्न कुसुमावतींच्या आयुष्यात आणि लेखनात इतक्या निरनिराळ्या रूपांत आला आहे की, त्यांचे चरित्र त्या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणे उचित ठरते.

त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी अमरावती येथे झाला. माहेरचे नाव कुसुम जयवंत. प्रारंभीचे शिक्षण अमरावतीस, त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून वाढलेल्या मुलीच्या वाट्याला जे वाचन येत असे त्यात कादंबरीचे स्थान मोठे चमत्कारिक होते. कादंबरी घरात असे, ती वाचलीही जाई. पण मुलीने ती वाचावी की नाही याविषयी वडीलधाऱ्यांचे मत सहसा प्रतिकूल असे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' पत्राने या अढीला पहिला मोठा धक्का दिला. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्या पत्रातून क्रमशः येऊ लागली तेव्हा ती घराघरांतून एकाने वाचावी आणि इतरांनी ऐकावी अशा रीतीनेही पोचली. लिहितावाचता न येणाऱ्या स्त्रीला कादंबरीचा आस्वाद मिळत असे तो कानांनी. पोथी, पुराण आणि कीर्तन यांची सवय असलेल्या समाजात ही गोष्ट मुळीच नवी नव्हती; नवीन होता तो विषय. मराठी कादंबरीच्या वाचकवर्गाचा विचार करताना हा श्रोतृवर्ग आपल्या वाङ्मयेतिहासांतून जवळजवळ वगळला गेला आहे, याची येथे नोंद करणे आवश्यक आहे, कारण कुसुमावतींच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वाशी त्याचा संबंध पोचतो.

पुण्यातील विद्यार्थिदशेतच त्यांचा परिचय आत्माराम रावजी देशपांडे यांच्याशी झाला. पुढे कवी अनिल म्हणून प्रसिद्धीस आलेले हे गृहस्थ मूळचे मूर्तिजापूरचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. या परिचयाचे रूपांतर प्रेमात झाले आणि १९२२ ते १९२७ या काळात दोघांमध्ये दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९२६ साली कुसुमावती नागपूर विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. म्हणजे त्याच्या अगदी पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना करावी लागेल. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या. लंडन विद्यापीठातील वेस्टफील्ड महाविद्यालयातून त्यांनी १९२९ मध्ये इंग्रजी वाङ्मयाची पदवी मिळवली, आणि त्याच वर्षी अनिलांशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह आंतरजातीय होता व त्या काळी तो सहज स्वीकारला जाण्यासारखा नव्हता. वधूचे वय पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी मंजूर झालेल्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले होते आणि त्यावरही देशभर गदारोळ चालला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे वेगळेपण लक्षात येते.

या ठिकाणी चरित्र थोडे थांबवून मराठी प्रणयकथेच्या इतिहासाकडे वळणे भाग आहे. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा' या आरंभीच्या कादंबऱ्यांत प्रेम आहे, विरह आहे, मीलन आहे. पण ते सारे राजवाड्यांत, अरण्यांत आणि अद्भुत योगायोगांच्या आश्रयाने घडते. असे का व्हावे? नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेतच याचे कारण सांगून टाकले आहे. आपल्या लोकांच्या रोजच्या जीवनात, विशेषतः विवाहाच्या चालीरीतींत, मनोरंजक असे काही घडत नसल्यामुळे कादंबरीकाराला अद्भुताची कास धरावी लागते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. रिसबुडांच्या या विधानाची थट्टा पुष्कळांनी केली. परंतु त्यातील सामाजिक निदान अचूक होते. ज्या समाजात आठनऊ वर्षांच्या मुलीचे लग्न वडील ठरवतात त्या समाजात अनुनयाची कथा वास्तवाच्या पातळीवर लिहिताच येत नाही. इंग्रजीतील रोमान्स या एका शब्दासाठी मराठी समीक्षेने अद्भुतरम्य आणि प्रणयरम्य असे दोन शब्द योजले, त्यामागेही हाच इतिहास आहे. मराठीत आधी अद्भुत आले, आणि प्रणय पुष्कळ उशिरा आला.

तो आला तेव्हा त्याच्यासाठी जागा तयार झालेली होती. मुलींच्या शाळा निघाल्या, विवाहाचे वय वाढले, पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांतून तरुण-तरुणी एकाच वर्गात बसू लागले. ना. सी. फडके यांची 'कुलाब्याची दांडी' १९२५ ची आणि 'जादूगार' १९२८ ची. कुसुम जयवंत आणि आत्माराम देशपांडे यांची पत्रे पुणे-विदर्भाच्या टपालातून जात होती ती नेमकी याच वर्षांत. फडक्यांच्या नायक-नायिकांना भेटण्यासाठी जे महाविद्यालय, जी सहल, जे ग्रंथालय लागते, ते सारे प्रत्यक्षात उपलब्ध झालेल्या पहिल्या पिढीतील कुसुमावती होत्या. त्यांचे प्रेम आणि मराठीतील लोकप्रिय प्रणयकादंबरी ही एकाच सामाजिक परिवर्तनाची अपत्ये होत. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणण्याचे कारण नाही. पण पुढे जेव्हा या बाईंनी कादंबरीविषयी लिहिले तेव्हा त्या विषयाच्या बाहेर उभ्या नव्हत्या, एवढे निश्चित.

१९३१ पासून त्या नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करू लागल्या. १८८५ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय पुढे नागपूर महाविद्यालय झाले आणि आज ते वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. हिंदी-मराठीच्या या सीमेवरच्या शहरात मराठी वाङ्मयाचे वातावरण पुण्यापेक्षा वेगळे, काहीसे मोकळे होते. पु. य. देशपांडे यांच्या 'बंधनांच्या पलीकडे' (१९२७) या कादंबरीने रूढ नीतिकल्पनांना धक्का दिल्यामुळे मोठे वादळ उठले होते. ग. त्र्यं. माडखोलकर नागपुरातून वृत्तपत्रीय लेखन करीत असतानाच 'मुक्तात्मा' (१९३३) पासून राजकारण आणि प्रणय यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्या लिहू लागले होते. विदर्भातल्याच गीता साने यांची 'निखळलेली हिरकणी' १९३६ ची. तिकडे विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) व 'हिंदोळ्यावर' (१९३४) या पुस्तकांनी शिकलेल्या अविवाहित स्त्रीच्या मनातील प्रेमाची व सहजीवनाची भूक प्रथमच स्त्रीच्या बाजूने मांडली आणि त्या टोपणनावामागे कोण आहे याचा शोध घेण्यात महाराष्ट्राने आपली बरीच शक्ती खर्च केली.

या दशकातील तरुण वाचक कादंबरीवर तुटून पडत असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वाचनालयांतून फडक्यांच्या नव्या कादंबरीसाठी नावे लावून ठेवावी लागत. समीक्षेत मात्र कला आणि जीवन या शब्दांभोवती फडके आणि खांडेकर यांच्या नावाने दोन पक्ष उभे राहिले होते. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' (१९३१) तंत्राची शिकवण देत होते आणि खांडेकरांचे अनुयायी ध्येयवादाची. हा वाद गाजला खूप, पण वाचकाला या कादंबऱ्या का आवडतात हा साधा प्रश्न दोन्ही पक्षांनी पुरेशा गंभीरपणे विचारला नाही. एका पक्षाने त्याचे श्रेय तंत्राला दिले, दुसऱ्याने ते वाचकाच्या अपरिपक्वतेच्या खात्यावर टाकले.

कुसुमावतींचे स्वतःचे कथालेखन याच काळातले. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' या संग्रहांतील कथा वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, ती अशी की, ज्या लेखिकेच्या आयुष्यात कादंबरीत शोभावी अशी प्रेमकथा घडली, तिने आपल्या कथांत प्रेमकथेचा साचा जवळपास वापरलाच नाही. कथानकाची गुंतागुंत, शेवटची कलाटणी, मीलन किंवा ताटातूट यांवर त्यांची कथा उभी राहत नाही. एखादी भाववृत्ती, एखादे दृश्य, कष्टकरी वा उपेक्षित माणसाच्या आयुष्यातील एखादा क्षण त्यांना पुरतो. पुढे नवकथेने जे केले त्याची काही पूर्वचिन्हे समीक्षकांनी या कथांत पाहिली आहेत. त्यांनी कादंबरी लिहिली नाही. कादंबरीविषयीची त्यांची सारी आस्था वाचकाची आणि समीक्षकाची राहिली. त्यांच्या काही कथा तरल असूनही फार लवकर विरून जातात, हेही येथे सांगितले पाहिजे. कथानकाचा त्याग करताना वाचकाला धरून ठेवणारे काहीतरी त्यासोबत गेले, असे वाटत राहते.

'मराठी कादंबरीचे पहिले शतक' हा त्यांचा ग्रंथ १९५३ आणि १९५४ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. इंग्रजीच्या प्राध्यापिकेने मराठी कादंबरीचा असा समग्र विचार करावा, याचे काहींना नवल वाटणे शक्य आहे. परंतु इंग्रजी कादंबरीच्या शिस्तबद्ध अध्ययनामुळेच त्यांना मराठी कादंबरीकडे एक वाढती परंपरा म्हणून पाहता आले. शिखरे तेवढी मोजायची आणि मधला प्रदेश ओलांडून जायचा, ही आपल्याकडील वाङ्मयेतिहासाची जुनी खोड आहे. हरिभाऊ, वामन मल्हार, केतकर अशी नावे घेतली की कादंबरीचा इतिहास झाला, असे मानले जाते. शतकाचा हिशेब मांडायचा म्हटला की ही सोय राहत नाही. 'यमुनापर्यटन' (१८५७) सारखी विधवांच्या दुःस्थितीची कहाणी आणि 'मुक्तामाले'सारखी अद्भुतरम्य कथा यांना एकाच आवारात जागा द्यावी लागते. ज्या कादंबऱ्या एका पिढीने रात्री जागून वाचल्या आणि पुढच्या पिढीने हसण्यावारी नेल्या त्यांचाही विचार करावा लागतो.

त्यांच्या समीक्षेला आस्वादक असे विशेषण लावण्याची प्रथा आहे. हे विशेषण बरोबर असले तरी ते पुष्कळदा थोड्या कमीपणाच्या छटेने वापरले जाते, जणू आस्वाद म्हणजे कठोर विचाराचा अभाव. त्यांची 'पासंग'मधील लेखने आणि कादंबरीवरचा हा ग्रंथ एकत्र वाचल्यास ती समजूत टिकत नाही. साहित्याचे समाजाशी असलेले नाते त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी आहे. मात्र ते नाते कलाकृतीवर बाहेरून लादण्याचा आग्रह त्या धरीत नाहीत. लोकप्रिय कादंबरीच्या बाबतीत या भूमिकेला विशेष अर्थ प्राप्त होतो. वाचकाला मिळणारा आनंद खरा आहे हे मान्य करायचे आणि तो आनंद कोणत्या जीवनानुभवाला वगळून मिळतो आहे हेही विचारायचे, अशी ही दुहेरी कसरत आहे. आनंदाची टिंगल करणे सोपे असते आणि त्याच्या आहारी जाणेही तितकेच सोपे. आजही विद्यापीठांच्या मराठी विभागांत प्रणयकादंबरीवर प्रबंध लिहिण्यास विद्यार्थी कचरतात आणि मार्गदर्शक तर त्याहून अधिक; हा संकोच मोडण्यासाठी एखादा आधार हवाच असेल तर तो १९५३ पासून मराठीत उपलब्ध आहे.

या ग्रंथाच्या सिद्धीनंतर लवकरच त्यांनी नागपूरचे अध्यापन सोडले. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या दिल्लीस आकाशवाणीवर स्त्रिया व मुले यांच्या कार्यक्रमांच्या प्रमुख निर्मात्या झाल्या. बा. वि. केसकर हे त्या वेळी माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. साहित्यिक आणि कलावंत यांना निर्माते म्हणून आकाशवाणीत आणण्याचे धोरण याच काळातले, पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखकही या काळात आकाशवाणीत होते. याच केसकरांनी १९५२ नंतर चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद केली होती. लोकांची अभिरुची सुधारावी हा हेतू; परिणाम असा झाला की, श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून त्यांना परत बोलवावे लागले. कादंबरीच्या वाचकाविषयी जो वाद पुण्या-कोल्हापुरात झाला होता तोच येथे श्रोत्याविषयी, शासकीय पातळीवर, पुन्हा झाला. माणसाला जे आवडते ते आणि त्याला जे आवडावे असे शहाण्यांना वाटते ते, यांत तडजोड कशी घडवावयाची?

स्त्रियांचा कार्यक्रम हा या तडजोडीचा सर्वांत अवघड भाग होता. दुपारच्या वेळी घरकामातून सुटलेली किंवा हातातले काम न सोडता कान देणारी स्त्री हा त्याचा श्रोता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशातील बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. छापील कादंबरीने ज्यांना कधी स्पर्श केला नव्हता त्यांच्यापर्यंत कथा पोचण्याचे आकाशवाणी हे एक साधन होते. श्रुतिका, नभोनाट्य, कथाकथन, कादंबरीचे क्रमशः वाचन या प्रकारांनी 'करमणूक'च्या काळातील घरगुती श्रवणाला सार्वजनिक रूप दिले. कादंबरीच्या पहिल्या शतकाचा हिशेब मांडणाऱ्या समीक्षिकेने आयुष्याची शेवटची वर्षे या श्रोत्यांसाठी काम करण्यात घालवावीत, ही घटना चरित्रकारांनी नुसत्या नोकरीचा तपशील म्हणून नोंदवली आहे. या कामाचे स्वरूपच असे की त्याचे अवशेष फार थोडे उरतात. ध्वनिमुद्रणे जपून ठेवण्याची पद्धत त्या काळी मर्यादित होती. ग्रंथ ग्रंथालयात राहतो; बोललेला शब्द मात्र हवेत विरतो. कुसुमावतींच्या कार्याचा हा भाग संशोधकाच्या हाती सहजासहजी लागणार नाही.

१९६१ साली ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. तीन वर्षांपूर्वी, १९५८ मध्ये, मालवणच्या संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांनी भूषवले होते. स्त्रीला हे पद मिळण्यास १८७८ पासून त्र्याऐंशी वर्षे लागली, आणि त्यानंतरची स्त्री अध्यक्ष, दुर्गाबाई भागवत, १९७५ मध्ये कराडला झाली. त्याच १९६१ सालच्या १७ नोव्हेंबरला, सत्तावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर अवघ्या एका आठवड्यात, कुसुमावतींचे निधन झाले.

त्यांची काही पुस्तके मरणोत्तर आली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे इंग्रजीतील जे काम त्यांनी हाती घेतले होते ते मं. वि. राजाध्यक्षांनी पुढे नेले व साहित्य अकादमीने १९८८ साली दोघांच्या नावे प्रसिद्ध केले. यांच्या मधोमध, १९७२ साली, अनिलांनी 'कुसुमानिल' प्रकाशित केले आणि वाचकांच्या मनातील कुसुमावतींची प्रतिमा कायमची बदलली.

त्या पत्रांचे वाङ्मयीन मोल वादातीत आहे. विशीतल्या दोन बुद्धिमान, संवेदनशील माणसांचे एकमेकांना उमगत जाणे मराठीत क्वचितच इतक्या मोकळेपणाने मुद्रित झाले असेल. परंतु वाचकाने हे पुस्तक कादंबरी म्हणून वाचले, आणि तेथे एक सूक्ष्म गल्लत झाली. प्रणयकादंबरीचा आनंद बऱ्याच अंशी शेवटाच्या खात्रीवर अवलंबून असतो. अडथळे येतील, गैरसमज होतील, पण मीलन होणार हे वाचक जाणून असतो. म्हणूनच तो अडथळ्यांचाही आस्वाद घेऊ शकतो. 'कुसुमानिल'च्या वाचकाला १९२९ चा विवाह ठाऊक असतो, तीन दशकांचा संसार ठाऊक असतो, १९६१ चा वियोगही ठाऊक असतो. १९२४ साली पत्र लिहिणाऱ्या मुलीला यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. तिच्या दृष्टीने घरचा विरोध हा कथानकातील अडथळा नव्हता, ती भिंत होती आणि ती पडेल याची हमी कुणीही दिलेली नव्हती. पत्रात निवेदक नसतो. कादंबरीच्या वाचनातून मिळणारे आश्वासन पत्रांच्या वाचनात वाचक स्वतःच्या पदरचे घालतो. कादंबरीच्या स्वरूपाविषयी दोन भाग भरून लिहिणाऱ्या कुसुमावतींच्या दृष्टीतून हा फरक सुटला असता असे वाटत नाही. मात्र ती पत्रे छापली गेली तेव्हा त्या नव्हत्या.

अनिल ८ मे १९८२ रोजी निवर्तले. तोवर 'दशपदी' (१९७६) प्रसिद्ध होऊन तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. अलीकडच्या काळात 'कुसुमानिल'च्या अभिवाचनाचे कार्यक्रम होत आले आहेत. २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे मराठी प्रणयकादंबऱ्याही कानांनी ऐकण्याची सवय नव्या वाचकांना लागली. स्वयंपाक करताना, बसच्या प्रवासात, रात्री दिवा मालवल्यावर कथा ऐकणारा हा वर्ग 'करमणूक'च्या श्रोत्यांचाच दूरचा वारस होय. अभिवाचनात एक स्त्री आणि एक पुरुष समोरासमोर बसतात, आळीपाळीने पत्रे वाचतात, आणि सभागृहातील प्रत्येकाला पुढे काय झाले ते पहिल्या पत्राआधीच माहीत असते.